कॅम्पस इंटरव्ह्यूला बसण्याआधी: डिप्लोमा मेकॅनिकलच्या मुलामुलींसाठी

दर वर्षी जानेवारी उजाडला की आमच्या एचआरचा फोन येतो, "मॅडम, पॉलिटेक्निकची मुलं घ्यायचीत, टेक्निकलला तुम्ही बसा." भोसरीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते. गाड्यांना लागणारे शाफ्ट (फिरणारे दांडे) आणि बुश (त्यांच्यावर बसणाऱ्या पोकळ नळ्या) आम्ही करतो. मीही डिप्लोमाचीच. त्यामुळे समोरच्या पोराने काय हाताने केलंय, काय पाठ केलंय आणि काय नुसतं प्रोजेक्टच्या रिपोर्टात छापून आणलंय, हे कळायला मला फार वेळ लागत नाही. सॉफ्टवेअरच्या इंटरव्ह्यूतलं मला काही कळत नाही, तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, प्रॉडक्शन यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी आम्ही तुम्हाला कशासाठी घेतो ते समजून घ्या. डिप्लोमाचा ट्रेनी घ्यायचा तो लाइनवर उभा करायला. त्याला सगळं यावं अशी अपेक्षा कुणाचीच नसते, शिकवायला आम्ही आहोतच. जे येतं म्हणतो ते खरंच येतं का आणि जे येत नाही ते झाकतो का, हे बघायचं असतं. क्वालिटीत झाकाझाकी फार महाग पडते. चुकलेला एक जॉब, म्हणजे मशीनवर केलेला नग, कुणी गुपचूप चांगल्या मालाच्या बिनमध्ये सरकवला, की तो थेट ग्राहकाच्या असेंब्लीवर सापडतो आणि मग अख्खा लॉट पुन्हा तपासत बसावं लागतं. त्यामुळे "हे मला येत नाही, मॅडम" असं सरळ सांगणाऱ्याचे माझ्याकडे मार्क कापले जात नाहीत. गोल गोल बोलणाऱ्याचे कापले जातात.

बायोडेटा

एक पान पुरतं. 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे' छापाचं ऑब्जेक्टिव्ह वर्गातल्या सगळ्यांचं सारखंच असतं. ते काढून टाका, जागा वाचेल. मोबाइल नंबर दोनदा तपासा. ईमेलच्या नावात 'किंग', 'रॉयल' असलं काही असेल तर नवा ईमेल काढा.

खरी गडबड असते ती 'सॉफ्टवेअर स्किल्स' या ओळीत. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, सीएनसी प्रोग्रॅमिंग अशी रांग लागलेली असते. मी त्यातलं शेवटचं नाव उचलते आणि विचारते, जी०० आणि जी०१ मध्ये फरक काय? जी०० म्हणजे टूल हवेतून झपाट्याने न्यायचं, जी०१ म्हणजे दिलेल्या फीडने (कापण्याच्या वेगाने) सरळ रेषेत कापत न्यायचं. सीएनसीसमोर आठवडाभर उभं राहिलेल्या पोराला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. न आल्यास मग कॅटियावर माझा विश्वास बसत नाही, ऑटोकॅडवरही नाही. एका पोकळ ओळीपायी चार खऱ्या ओळी वाया जातात.

म्हणून बायोडेटा छापून घ्या, पान उलटं करा आणि प्रत्येक ओळीवर निघतील असे तीन-तीन प्रश्न मागच्या कोऱ्या बाजूला लिहा. मग खोलीचं दार लावून मोठ्याने उत्तरं द्या. मनातल्या मनात सगळ्यांनाच सगळं येतं, तोंडातून वाक्य निघताना कळतं कुठं अडतं ते. ज्या ओळीची उत्तरं येत नाहीत ती एकतर शिका, नाहीतर खोडा. खोडल्याने पान रिकामं दिसेल ही भीती सोडा. केटी (नापास झालेला विषय) राहिली असेल तर लपवू नका. मार्कशीट आमच्यासमोर येणारच असते.

आता बायोडेटात काय लिहायचं राहतं त्याबद्दल. एकदा उस्मानाबादकडचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा, एक मुलगा आला होता. प्रश्नांना उत्तरं तुटकतुटक, आवाज खाली. मी विचारलं, घरी काय काम करतोस? म्हणाला, "काही नाही मॅडम, शेती." शेतीत काय? मग हळूहळू बाहेर आलं, की विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीचं सगळं तोच बघतो. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की काढतो, ग्लँडची दोरी बदलतो, स्टार्टरचे कॉन्टॅक्ट जळाले की पॉलिश पेपरने घासतो. मी विचारलं, पंप चालू करण्याआधी त्यात पाणी का भरतोस? तो पुस्तकातलं 'प्रायमिंग' विसरला होता, पण म्हणाला, "हवा असली की मोटार नुसती फिरती, पाणी उचलत नाही." का उचलत नाही, असं दोन-तीनदा वेगवेगळं विचारल्यावर नेमक्या मुद्द्याशी आला: हवा हलकी असते, इंपेलरने (पंपातल्या फिरत्या पात्यांच्या चाकाने) ती कितीही जोरात फेकली तरी पाणी खेचून घेण्याइतका दाब तयार होत नाही.

याच विषयावर 'फ्लुइड मेकॅनिक्स'च्या पेपरात चार मार्कांचा प्रश्न असतो आणि तो पाठ केलेली पोरं दुसऱ्या उपप्रश्नाला गारद होतात. सबमर्सिबल पंपाला प्रायमिंग का लागत नाही, असं विचारलं की बघत राहतात. तो मुळात पाण्यातच बुडालेला असतो, दुसरं काय! त्या पोराने मात्र ते लगेच सांगितलं. आणि ह्यातलं एक अक्षर त्याच्या बायोडेटात नव्हतं. तिथं 'हॉबी: क्रिकेट बघणे' होतं.

तेव्हा ट्रॅक्टरचं फिल्टर तुम्ही बदलता, मामाच्या गॅरेजमध्ये सुट्टीत बसता, पिठाच्या गिरणीचा पट्टा चढवता, आईच्या शिलाई मशीनचं टायमिंग लावता, तर ते लिहा. दोन ओळीत, नेमकं. फक्त त्यामागचा वर्गातला धडा कुठला, तो शोधून वाचून ठेवा, कारण पुढचा प्रश्न तिथूनच येणार.

टेक्निकलची तयारी

तीन वर्षांचा सगळा अभ्यास पंधरा दिवसांत पुन्हा करायला जाऊ नका, होत नाही. तीन गोष्टी धरा: मोजमाप, ड्रॉइंग आणि तुमच्या आवडीचा कुठलाही एक विषय. "आवडता विषय कोणता?" हे जवळजवळ प्रत्येक पॅनेल विचारतं. तिथं 'थर्मल' म्हणालात तर इंजिनच्या ऑटो आणि डिझेल सायकलचा पी-व्ही (दाब आणि आकारमानाचा) आलेख कागदावर काढता आला पाहिजे. 'मटेरियल' म्हणालात तर लोखंड-कार्बनची आकृती, आणि ०.८ टक्के कार्बनपाशी काय होतं ते. विषय सोपा की अवघड याने आम्हाला फरक पडत नाही.

मोजमापावर जरा थांबते, कारण इथं सगळ्यात जास्त मुलं पडतात आणि इथंच सगळ्यात स्वस्तात तयारी होते. मी हातात व्हर्निअर (जबड्यांत धरून मोजायची सरकती पट्टी) आणि एक बुश देते. "मोज." बहुतेक जण थेट जबडे जॉबला लावतात. सवय असलेला आधी जबडे पुसतो, पूर्ण मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघतो, मग जॉब घेतो. एवढ्या हालचालीतच मला निम्मं कळलेलं असतं. मग लीस्ट काउंट, म्हणजे साधनावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप. '०.०२' हा आकडा सगळे सांगतात. कुठून आला म्हटलं की शांतता. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्निअरच्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणजे तिथला एक भाग ०.९८चा, एक वजा ०.९८, झाले ०.०२. मायक्रोमीटरचंही तसंच: थिंबलचा (फिरवायच्या नळीचा) एक पूर्ण फेरा झाला की स्पिंडल (मोजणारा दांडा) अर्धा मिलिमीटर सरकतो आणि थिंबलवर भाग ५०, म्हणून ०.०१. आणि मायक्रोमीटर आवळताना मागचं रॅचेट फिरवा. थिंबलच पिळलात तर मी काही न बोलता वहीत खूण करते.

त्याच्या पुढचा प्रश्न बहुतेक ठिकाणी हा असतो: जॉबवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०१ आहे, व्हर्निअर चालेल का? नाही चालणार. ज्याचं सगळ्यात लहान माप ०.०२ आहे, त्याने ०.०१चा फरक कसा पकडणार? टॉलरन्सचा साधारण दहावा हिस्सा वाचू शकेल असं साधन घ्यावं, असा शॉपवर ढोबळ नियम असतो. ±०.०१ म्हणजे एकूण ०.०२चं अंतर, त्याचा दहावा हिस्सा ०.००२. म्हणजे साधा मायक्रोमीटरही इथं अपुराच. कंपॅरेटर नाहीतर एअर गेज लागेल. इथवर जो स्वतः विचार करत येतो, त्याला मी पुढचे प्रश्न विचारतच नाही.

ड्रॉइंगमध्ये दोन गोष्टी पक्क्या हव्यात. एक, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल, म्हणजे वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर मांडायच्या दोन पद्धती. कॉलेजात तुम्ही फर्स्ट अँगल शिकता, त्यात टॉप व्ह्यू खाली येतो. जपानी आणि अमेरिकी ग्राहकांची ड्रॉइंगं थर्ड अँगलमध्ये येतात, त्यात तो वर असतो. ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातली कोनाची खूण बघा आणि "सर, हे थर्ड अँगल आहे" असं म्हणून मग सुरुवात करा. दुसरी गोष्ट फिट्स, म्हणजे भोकात शाफ्ट किती सैल किंवा घट्ट बसतो ते. २५ एच७/जी६ असं लिहिलं तर भोक २५.००० ते २५.०२१ आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे कमीत कमी ०.००७ची फट राहणारच, जास्तीत जास्त ०.०४१ची. तक्ता पाठ नसला तरी चालतो. एच म्हणजे भोक शून्यापासून वर, छोटा जी म्हणजे शाफ्ट शून्याच्या किंचित खाली, त्यामुळे हा सरकता फिट, इतकं डोक्यात असलं तरी भागतं.

सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटी तपासायची सात साधनं), फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) यांचे प्रश्न हल्ली सगळीकडे असतात. पाचही 'एस'ची जपानी नावं ऐकून आम्ही कंटाळलोय. त्यापेक्षा कॉलेजच्या वर्कशॉपमधली एखादी अस्ताव्यस्त जागा सांगा आणि ती तुम्ही कशी लावाल ते सांगा.

अ‍ॅप्टीबद्दल, म्हणजे अ‍ॅप्टिट्यूडच्या लेखी परीक्षेबद्दल, फार लिहीत नाही. टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम, सरासरी, आणि गिअरच्या साखळीत शेवटचं गिअर कुठल्या दिशेला फिरेल, ह्यांचा घड्याळ लावून सराव करा. चुकीला मार्क कापतात का, ते पेपर हातात आल्यावर आधी वाचा.

प्रोजेक्ट

चौघांचा प्रोजेक्ट असतो, आणि आमच्यासमोर तुम्ही एकटे असता. "आम्ही केलं" हे उत्तर माझ्या उपयोगाचं नाही. तू काय केलंस? वेल्डिंग बाहेरून करून आणलं असेल तर तसं सांगा. बाजारातून कोणता चॅनेल आणला, किती रुपये किलोने, हे ठाऊक असलं तरी मला आनंद होतो. रेडिमेड प्रोजेक्ट विकत मिळतात हे आम्हालाही माहीत आहे. घेतला असेल तर निदान तो पूर्ण खोलून पुन्हा जोडा. पायडलवर चालणारं वॉशिंग मशीन केलंय म्हणता, तर पुढच्या चाकाला दात किती, मागच्याला किती? ४४ आणि १८ असतील तर पायडलच्या एका फेऱ्याला ड्रमचा जवळजवळ अडीच फेरा. हा भागाकार समोर बसून करायला लागला तरी हरकत नाही. दातच मोजलेले नसतील तर मात्र अवघड आहे.

ट्रेनिंगचंही तसंच. तिथं तुम्ही उभे होता त्या मशीनवर काय बनत होतं, दिवसाला किती नग निघत, रिजेक्शन कशामुळे यायचं, ऑपरेटर काय तपासून पुढे पाठवायचा? सर्टिफिकेटवर ह्यातलं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून ट्रेनिंग चालू असतानाच छोट्या वहीत टिपून ठेवा.

बोलणं

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' हा प्रश्न येणारच. त्याला आपलं नाव, आईवडिलांचं नाव, 'माय हॉबीज आर' असं पाठ केलेलं सांगू नका. मला आवडलेलं उत्तर साधारण असं होतं: "मी बार्शीजवळच्या खेड्यातला. दहावीनंतर सोलापूरला डिप्लोमा घेतला, आता शेवटचं सेमिस्टर. उन्हाळ्यात एका फोर्जिंगच्या कारखान्यात ट्रेनिंग केलं, तिथं गरम बार दाबल्यावर कडेला येणारा फ्लॅश ट्रिम करायच्या प्रेसवर होतो. तिथल्या इन्स्पेक्टरबरोबर राहून मला मोजमापाची गोडी लागली." मिनिटभरात संपलं, आणि मला विचारायला चार प्रश्न मिळाले, तेही त्याला येणारे. हीच ह्या प्रश्नाची किल्ली आहे.

इंग्रजीची भीती बाळगणाऱ्यांना सांगते. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत पॅनेलवर मराठी नाहीतर हिंदी बोलणारं कुणीतरी असतंच. सुरुवातीची ओळख इंग्रजीत सांगा, ती तयार करता येते. पुढे तांत्रिक उत्तर अडलं की "सर, मराठीत सांगू का?" असं विचारा. नाही म्हणणारा मी तरी पाहिला नाही. पण ईमेल आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहावे लागतात, तेव्हा 'जमेल का' असं विचारलं तर "रोज थोडं लिहायचा सराव चालू आहे" असं म्हणायचं, आणि तो खरंच चालू ठेवायचा.

अडचणीचे प्रश्न

पहिला: "डिग्रीला जाणार का?" आम्ही तुम्हाला जूनमध्ये घेतो, मशीन शिकवतो, आणि थेट दुसऱ्या वर्षाच्या डिग्रीचे प्रवेश सुरू झाले की निम्मी मुलं राजीनामा ठेवतात. म्हणून हा प्रश्न. जायचं पक्कं असेल तर कॅम्पसला बसूच नका, हे माझं स्पष्ट मत; तुमच्यामुळे गरजू वर्गमित्राची जागा जाते, आणि पुढच्या वर्षी ती कंपनी तुमच्या कॉलेजात येत नाही. पक्कं नसेल तर तसंच सांगा: "आत्ता घरी पगाराची गरज आहे, दोन वर्षं तरी नोकरीच. पुढे नोकरी सांभाळून शिकेन." नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतले डिग्रीचे वर्ग आता काही कॉलेजांत निघालेत, त्यांची माहिती काढून ठेवलीत तर उत्तराला वजन येतं.

दुसरा, शिफ्टचा. तीन पाळ्या चालतील का म्हटल्यावर "हो" म्हणण्याआधी राहायचं कुठं ते ठरवा. भोसरीत कॉट बेसिसवर खोली घेऊन राहणारी मुलं रात्रपाळीला सहज येतात. हडपसरहून चाकणला रोज येऊ म्हणणाऱ्याला आम्ही मनात हसतो.

मुलींना मात्र वेगळंच ऐकावं लागतं. रात्रपाळीचं विचारलं तर बिनधास्त उलट विचारा: बस कुठून कुठपर्यंत आहे, लाइनवर आणखी किती जणी असतात? बायकांना रात्री कामावर घ्यायचं तर सुरक्षेची आणि ने-आणीची सोय करणं कारखान्याला बंधनकारक असतं, तेव्हा ह्या विचारण्यात आगाऊपणा काही नाही. लग्नाचं विचारलं तर "सर, ट्रेनिंगचा काळ मी पूर्ण करणार आहे" इतकं सांगून थांबा. माझ्या शेजारी बसलेल्याने तो प्रश्न काढला तर मीच विषय बदलते, पण प्रत्येक टेबलावर बाई नसते.

पगार किती हवा, ह्याला फ्रेशरने आकडा सांगू नये. "कंपनीच्या ट्रेनी स्केलप्रमाणे" म्हणा.

त्या दिवशी

कारखान्यात बोलावलं असेल तर बूट घालून जा, बंद आणि सपाट टाचेचे. सँडल घातलेल्याला शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत, आणि राउंडच्या शेवटी लाइन दाखवायची असते. केस बांधलेले, ओढणी पिन केलेली, हातातलं कडं आणि अंगठी खिशात. फिरत्या चकजवळ (मशीनवर जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) लोंबतं काही नको हे तुम्ही पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये शिकलात. ते अंगात मुरलंय का हे गेटवरच दिसतं. फोनच्या कॅमेऱ्यावर सिक्युरिटी स्टिकर लावेल, तो आत गेल्यावर काढू नका.

नाशिक फाट्यावरून चाकणला निघणार असाल तर मोशीपासून पुढे आणि विशेषतः तळेगाव चौकात अडकणार, हे धरूनच निघा. सकाळी पाळी बदलताना कंपन्यांच्या बस आणि कंटेनर एकाच रस्त्यावर येतात. बाहेरगावचे असाल तर आदल्या रात्री कुणा मित्राच्या खोलीवर मुक्काम करा.

फाइलमध्ये दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट क्रमाने, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन, फोटो, दोन-दोन झेरॉक्स. शिवाय पेन, पेन्सिल आणि कोरे कागद. उत्तर देताना आकृती काढू का, असं विचारणारा मुलगा मला नेहमीच बरा वाटतो.

निवड झाल्यावर

पत्र हातात आलं की आनंदात सही करू नका, वाचा. पद 'ट्रेनी' आहे की 'अप्रेंटिस'? १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलं असेल तर डिप्लोमावाल्यांचं प्रशिक्षण साधारण एक वर्षाचं, मिळतो तो पगार नसून विद्यावेतन, पीएफ कापला जात नाही, आणि वर्ष संपल्यावर कंपनीने तुम्हाला ठेवून घ्यावं असं कायदा सांगत नाही. वाईट काही नाही त्यात, शेवटी मिळणारं सर्टिफिकेट पुढे उपयोगी पडतं. पण घरी 'पर्मनंट लागलो' म्हणून पेढे वाटण्याआधी हा फरक माहीत असू द्या. कँटीन आणि बसचे पैसे कापतात का, हेही एचआरला विचारून घ्या.

गेटपास, युनिफॉर्म, ट्रेनिंग, मेडिकल अशा कुठल्याही नावाखाली आधी पैसे भरा म्हणणारा फोन आला तर तो ठेवून द्या आणि कॉलेजच्या टीपीओंना (प्लेसमेंट बघणाऱ्या सरांना किंवा मॅडमना) कळवा. बाँड मागितला तर मुदत किती, मध्येच सोडल्यास रक्कम किती, ते लेखी घ्या आणि घरात कुणाला तरी वाचायला द्या. मूळ मार्कशीट तपासायला दाखवा, पण ठेवून घेऊ म्हणाले तर देऊ नका. झेरॉक्सवर सही करून द्या आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी न्या.